आधी स्वतःच्या मनगटाला

नांदेड,
कार्तिक वद्य दशमी, शके १८६७

तीर्थरूप केवळामावशीच्या पायांवर सिंधूचं डोकं.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझे गुडघे, म्हैस आणि परसातला शेवगा कसा आहे ते कळव. दर दिवाळीला तुला माझं कार्ड येतं आणि त्यावर ‘खुशाल आहे, काळजी नसावी’ एवढंच असतं. आज बंद लिफाफा बघून, तो तुला वाचून दाखवणाऱ्या वीरण्णादादांनी वाईट बातमीच धरली असेल, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. दादा, बसा, चष्मा पुसा आणि सावकाश वाचा. दुकानात गिऱ्हाईक असेल तर त्याला मीठ-मिरची बांधून देऊन वाटेला लावा. हे पत्र मावशीच्या चुलीपाशी बसून, तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचायचं आहे.

आणि मधलं गाळायचं नाही. तुमच्या वडिलांच्या ओट्यावर आपण एकाच पाटीवर बाराखडी गिरवली. धडा लांबला की तुम्ही मधल्या ओळी गिळायचात, हे मी विसरलेले नाही.

मावशी, गेल्या आषाढापासून माझ्या जिभेच्या उजव्या कडेला एक पांढरट चट्टा होता. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा. मी हळद लावली, तूप लावलं, तिखट सोडलं. दसऱ्यापर्यंत तो चिंचोक्याएवढा झाला आणि मध्ये भेग पडली. शाळेत मी दुसरीच्या पोरींना शिकवते. कविता म्हणून दाखवताना ‘र’ आला की डोळ्यांत पाणी यायचं. पोरींना वाटायचं, बाईंना कविता फारच आवडते.

मी घरात सांगितलं नव्हतं. एक दिवस जेवताना तुझ्या जावयांनी पाहिलं. म्हणाले, “हे कधीपासून?”

मी म्हटलं, “आताचंच.”

“आताचंच म्हणजे कोणत्या सालातलं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रुखसत घेतली आणि मला डॉक्टर मल्लिकार्जुन यांच्याकडे नेलं. हे डॉक्टर उदगीरकडचे. घरात कानडी, शिक्षण हैदराबादेत उर्दूतून आणि दुखणेकऱ्यांशी मराठी, त्यामुळे एका वाक्यात तिन्ही भाषा येतात. त्यांनी तोंडात बोट घालून चाचपलं आणि म्हणाले, “मुजरिम सापडला.” माझी एक दाढ तुटून तिला धार आली होती. बोलताना, जेवताना ती रोज त्याच जागी घासत होती. दाढ त्यांनी तिथल्या तिथं उपटली. मग चट्ट्याकडे बोट करून म्हणाले, “ह्याला मात्र भाजून काढावं लागेल, बाई.”

भाजून म्हटल्यावर मी उठून उभी राहिले. त्यांना वाटलं मी दुखण्याला भ्यायले. समजावून सांगू लागले. चाकूनं कापलं तर जिभेतून रक्त फार जातं. विजेनं तापलेल्या तारेनं जाळलं तर खराब झालेलं मांस निघून जातं आणि रक्ताच्या नळ्याही जागच्या जागी बंद होतात. मी मान हलवली. माझ्या भीतीचं कारण वेगळं होतं.

त्यांचं यंत्र म्हणजे एक लाकडी पेटी. शेजारी मोटारीत असते तसली काळी बॅटरी, दोन वायरी आणि लेखणीसारखी एक दांडी. दांडीच्या टोकाला बारीक तार वाकवून बसवलेली. बटण दाबलं की तार बघता बघता जास्वंदीसारखी लाल होते. सटवाजी म्हणून त्यांचा कंपाउंडर आहे, साठीचा, मिशा पांढऱ्या. तो माझ्या डोक्यामागे उभा राहिला आणि दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं. म्हणाला, “काढा जीभ भाईर. तुमच्या शाळेतल्या पोरी तुमच्या माघारी काढतेत ना, तशी काढा.” मला हसू आलं आणि हसताना जीभ बाहेर आली. तेवढ्यात डॉक्टरांनी ती फडक्यात धरली. तो हे प्रत्येकाला म्हणत असणार. तरी देव त्याचं भलं करो.

आधी त्यांनी जीभ बधिर करायचं औषध टोचलं. मग चट्ट्याचा तांदळाएवढा तुकडा घेऊन शिशीत ठेवला. तो हैदराबादेला जाणार, तिथे भिंगाखाली बघणार. मग तार लाल केली आणि जिभेला लावण्याआधी ओल्या कापसाला टेकवून पाहिली. चर्र झालं.

मावशी, मला त्या क्षणी वाटलं, हे आता तार स्वतःच्या मनगटाला लावून बघतील.

तुझं मनगट आठवलं. डाव्या हाताचं. लहानपणी तुझ्या कुशीत झोपताना मी त्यावरून बोट फिरवायची. डब्यानं धापा टाकणारं लेकरू घेऊन कोणी बाई आली की डाग द्यायला तू विळ्याचं टोक गोवरीच्या विस्तवात धरायचीस आणि बाहेर काढलं की आधी स्वतःच्या मनगटाला टेकवायचीस. तुला जेवढं सोसेल तेवढंच लेकराला. जास्त तापलं असेल तर पुन्हा थांबायचीस. मी विचारलं होतं, ‘तुला दुखत न्हाई का?’ तू म्हणालीस, ‘मला न्हाई दुखलं तर लेकराचं कसं कळंल?’ दादा, तुमच्या पोटावर बेंबीच्या वर तो डाग आहे. त्याचा जोडीदार मावशीच्या मनगटावर आहे. हात पुढे घेऊन बघा. माझाही तिथेच कुठेतरी असेल.

सटवाजीनं धरलेलं होतं, औषधानं बधिर झालं होतं, दुखलं काही नाही. वास आला. त्या वासाबद्दल मी आज लिहीत नाही.

आज त्याला अकरा दिवस झाले. महिनाभर बोलायचं नाही असा हुकूम आहे. मी घरात पाटीवर लिहून सगळं मागते. तुझे जावई म्हणतात, घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच आहे. शाळेतल्या पोरी रोज दोघी-दोघी येऊन दारात उभ्या राहतात आणि मी पाटीवर शाबास लिहिलं की पळून जातात. ही सगळी माणसं किती करतात, मावशी. मला कधी कधी लाज वाटते.

हैदराबादेहून उत्तर यायला अजून दोन आठवडे लागतील. चांगलं आलं तर झालं. वाईट आलं तर जीभ अर्धी काढावी लागेल आणि मग माझं बोलणं कोणाला कळेलसं वाटत नाही.

तुझं-माझं बोलणं का तुटलं ते शिरूरच्या पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. केवळाबाईनं भाचीच्या तान्ह्या लेकराला डाग दिला आणि लेकरू दुसऱ्या दिवशी गेलं, असं लोक म्हणतात. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तुला कोणी पाचवीला बोलावलं नाही, बारशाला बोलावलं नाही, असं दादांनी एकदा कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते कार्ड माझ्या पेटीत आहे. त्याबद्दल मला लिहायचं आहे. आज हात चालत नाही. हैदराबादेहून काय येतं ते येऊ दे.

तुझी,
सिंधू

•

नांदेड,
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, शके १८६७

तीर्थरूप केवळामावशीला सिंधूचा वाकून नमस्कार.

तुझं उत्तर पोचलं. वीरण्णादादांनी तू बोललीस तसंच्या तसं उतरवलंय, म्हणून वाचताना तुझा आवाज ऐकू आला. ‘जिभंला तूप लाव. ऊन खाऊ नगं. गुडघं हायती तसंच हायती. म्हस व्याली, कालवड झाली. आन मागचं काई लिवू नगंस, ते मी कवाच मिटवलंय.’

मावशी, तूप लावते. ऊन खात नाही. कालवडीचा आनंद झाला. चौथी गोष्ट मात्र मी ऐकणार नाही. आजवर तुझी एकच गोष्ट ऐकली नव्हती, ही दुसरी.

आधी चांगली बातमी. परवा सकाळी डॉक्टर मल्लिकार्जुन स्वतः घरी आले. दारातूनच तुझ्या कारकून जावयांना मोठ्यानं म्हणाले, “मुबारक हो, अहलकारसाहेब!” हैदराबादेचं उत्तर आलं होतं. चट्टा बिघडला नव्हता. बिघडायच्या वाटेला लागला होता, आणखी पाच-सहा महिने गेले असते तर सांगता येत नव्हतं, असं म्हणाले. जाळलेली जागा त्यांनी पाहिली. खपली निघून खालून गुलाबी कातडी आली आहे. तुझे जावई त्यांना सोडायला गेले ते अनवाणीच कोपऱ्यापर्यंत गेले आणि येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मला पेढा चालेल का हे विचारायचं राहिलं म्हणून पुन्हा डॉक्टरांच्या मागे धावले.

शेजारच्या बायका दत्तजयंतीला माहूरला निघाल्या आहेत. म्हणाल्या, सिंधूबाई, चला, नवस फेडून या. मी पाटीवर लिहिलं, मला आधी शिरूरला फेडायचा आहे.

खरं सांगते. पंधरा दिवस मी मनाशी ठरवत होते की उत्तर वाईट आलं तर सगळं सांगून टाकायचं. मरणाच्या भीतीनं माणूस बोलतो, त्यात काही मोठेपणा नाही. उत्तर चांगलं आलं आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, चला, आता सांगायला नको. हा विचार इतक्या चटकन आला की मी स्वतःलाच भ्यायले. पेढ्यांचा पुडा अजून बांधलेलाच होता. मी पाटी घेतली, लिहिलं, त्यांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

पाटीवर लिहिलं होतं : ‘मार्तंडला डाग मावशीनं दिला नाही. मी दिला.’

मग ते आत आले. पाटी हातात तशीच. पाटावर बसले आणि म्हणाले, “मी त्यांना हत्यारीण म्हणालो होतो, सिंधू. भर अंगणात. चार माणसांत.”

मी मान खाली घातली.

“त्या काय म्हणाल्या ते आठवतं का तुला? म्हणाल्या, जावईबापू, उन्हातून आलाव, आधी पाणी घ्या.”

मग त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं आता मला काय बोलतील ते बोलोत. ते म्हणाले, “आता मावशींना लिही. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन. कचेरीत सारा जन्म उर्दू लिहिण्यात गेला, माझं मराठी अक्षर वीरण्णाला लागायचं नाही. तेव्हा तूच लिहिलेलं बरं.” पाटी त्यांनी पुसली नाही. भिंतीतल्या देवळीत उभी करून ठेवली आहे. अजून तिथेच आहे.

दादा, इथून पुढे नीट वाचा.

त्या पौषात मी मार्तंडला घेऊन शिरूरला आले होते. दहा महिन्यांचा होता, बसायला लागला होता, मावशीच्या म्हशीला बघून टाळ्या पिटायचा. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला आणि डबा झाला. पोट भात्यासारखं वरखाली व्हायला लागलं, नाकपुड्या उडायला लागल्या. गावात डबा म्हटला की केवळाबाईचा डाग, हे मी जन्मापासून पाहिलेलं. विळा मीच चुलीत घातला. मावशी म्हशीकडून आली, तिनं बघितलं, विळा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “वरसाच्या आतल्या लेकराला मी लोखंड लावत न्हाई. त्येंचं कातडं पाण्यावानी असतंय.”

मी म्हटलं, “सगळ्या गावाला लावतीस आन माझ्याच लेकराला न्हाई?”

“येड्यावानी करू नगंस. मी गाडी सांगून येते. लातूरच्या दवाखान्यात नेऊ, आत्ताच्या आत्ता.”

मग मी जे बोलले ते दादा, तुम्हाला मोठ्यानं वाचावं लागणार, माझा इलाज नाही. मी म्हणाले, “तुला लेकरू असतं म्हंजे कळलं असतं.”

मी वर्षाची व्हायच्या आत आई गेली, तेव्हापासून ज्या बाईनं मला वाढवलं, तिला मी हे म्हणाले. ती पदर खोचून गाडी सांगायला गेली.

विळा अजून तापलेला होता. मी पुन्हा चुलीत धरला. मावशीसारखंच सगळं केलं, एक सोडून. आधी स्वतःच्या मनगटाला टेकवला नाही. विसरले असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. आपल्याला चटका बसला तर आपला हात मागे येईल, ही भीती होती. म्हणून नाही टेकवला. तो वास मला त्या दिवशी आला आणि नऊ वर्षांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात आला.

मावशी गाडी घेऊन आली तेव्हा मार्तंड रडत नव्हता, कण्हत होता. तिनं त्याचं पोट बघितलं, माझ्या हातातला विळा बघितला. लेकराला स्वतःच्या पदरात घेतलं आणि मला दंडाला धरून गाडीत चढवलं. लातूरच्या डॉक्टरांनी जमेल ते केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

परतीच्या गाडीत मावशी मला म्हणाली, “डाग मी लावला म्हनायचं. ध्यानात ठेव.” मी म्हटलं, असं का. ती म्हणाली, “तुझी सासू तुला उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई. तुला आजून नांदायचंय. माझं नांदनं कवाच सरलंय.”

मी नाही म्हणाले नाही. ह्यापलीकडे माझ्याकडे सांगायला काही नाही, मावशी. मी नाही म्हणाले नाही. सासूबाई तुला बोलल्या, हे बोलले, गाव बोललं, आणि मी दारामागे उभी राहून ऐकलं. पुढे लोक म्हणू लागले की सिंधूनं मावशीशी बोलणं टाकलं, बरोबरच आहे, कोण बोलेल. मी बोलणं टाकलं ते तुझ्यापुढे तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून. लोकांनी त्याचा वेगळा अर्थ घेतला आणि तोही मी घेऊ दिला. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर तर मला कसलं भय उरलं नव्हतं. तरी दर दिवाळीला ‘खुशाल आहे.’

पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी पाटीवर त्यांना विचारलं. तपशील लिहिला आणि विचारलं, लेकरू डागानं गेलं का? त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाले, डबा म्हणजे छातीचं दुखणं, फुप्फुसाची सूज. इतक्या लहान लेकराला ते बहुतेक वेळा नेतंच, आज नेतं, तेव्हा तर नेतच होतं. डागानं ते बरं होत नाही, कोणाच्याच डागानं नाही. जी लेकरं वाचली ती आपल्या बळानं वाचली. आणि अशक्त लेकराला भाजल्याचा त्रास वरून झाला, हेही खरं. मग म्हणाले, “विस्तव तोच, बाई. माझ्या पेटीतला आणि तुमच्या मावशीच्या चुलीतला. कुठं लावायचा आणि कुठं नाही, ते शिकायला मला हैदराबादेत पाच वर्षं लागली.”

मी पाटीवर लिहिलं, ‘कुठं लावायचा नाही ते मावशीला ठाऊक होतं.’

त्यांनी ते वाचलं. सटवाजीनंही त्यांच्या खांद्यावरून वाचलं. म्हणाला, “मग त्या मावशीला आमचा बी नमस्कार लिवा.” तो इथे लिहिला.

मावशी, लोकांनी डाग घ्यायला यायचं सोडलं ह्याचं मला वाईट वाटत नाही. डबा झालेली पोरं आता लवकर दवाखान्यात जातात असं दादांनीच लिहिलं होतं, ते चांगलंच झालं. पण लोकांनी तुझ्या मांडीवर लेकरू ठेवणं सोडलं. ज्या हातांनी अर्ध्या गावाला न्हाऊ घातलं त्या हातांना बारशाला बोलावणं नाही. हे माझ्यामुळे. ते तू मिटवलंस म्हणतेस. तुझ्या बाजूनं मिटलं असेल, माझ्या बाजूनं ते चालूच आहे. रोज सकाळी मी माझ्या घरात, माझ्या संसारात उठते आणि तो तू मला दिलेला असतो. नवरा, शाळा, पोरी, ही जीभसुद्धा. तू त्या गाडीत ते बोलली नसतीस तर मला नांदेडचे डॉक्टर कुठले भेटायला? कोणी फेकून दिलेली बाई म्हणून कुठल्यातरी शेतावर खुरपत असते आणि हा चट्टा एव्हाना घशात उतरला असता. तुझे उपकार मानायला बसले तर कुठून सुरू करू ते कळत नाही. म्हणून मनगटापासून सुरू केलं होतं.

आता वीरण्णादादा, तुमच्यासाठी.

मागचं पत्र चुलीपाशी हळू वाचायला सांगितलं होतं. हे पत्र तुम्ही आधी मावशीला एकटीला वाचून दाखवा. ती म्हणेल, चुलीत घाल. घालू नका. ती म्हणेल, पोरीचा संसार हाय, बोभाटा करू नगंस. तिला सांगा, जावयांनी वाचलं आहे आणि पाटी देवळीत आहे, आता झाकायला काही उरलं नाही. तरी ऐकली नाही तर तिला म्हैस बांधायला पाठवा आणि पत्र खिशात घाला.

मग त्यानंतरच्या सोमवारी, बाजारच्या दिवशी, देवळाच्या ओट्यावर उभे राहून मोठ्यानं वाचा. ‘मार्तंडला डाग मावशीनं दिला नाही, मी दिला’ हे वाक्य दोनदा वाचा. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, विशेषतः बायकांच्या बाजूला. तुमचा आवाज बारीक आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून लागेल तर आधी गूळ-पाणी प्या. कोणी म्हणेल, हे केवळाबाईनंच लिहून घेतलं असेल. त्याला माझं अक्षर दाखवा. तुमच्या वडिलांनीच ते वळवलं आहे, गावातल्या जुन्या माणसांना ओळखता येईल. आणि ह्या वेळी मधलं गाळलंत तर मी संक्रांतीला येऊन स्वतः वाचीन. तोवर महिना संपतो आहे, मला बोलायची परवानगी असेल.

तशीही मी येणार आहेच. आम्ही दोघंही येतो. अहमदपूरपर्यंत मोटार मिळते, पुढे बैलगाडी. तुझ्या जावयांना तुझ्या अंगणात काही बोलायचं आहे आणि ते चार माणसांतच बोलायचं आहे असं ते म्हणतात. त्यांना आधी पाणी दे. तिळगूळ मला अजून टोचतो, माझ्यासाठी दुधात भाकरी कुस्करून ठेव. मला तुझा डावा हात हातात घेऊन बसायचं आहे. त्यावर माझ्या मार्तंडचा डाग नाही, कारण त्याच्यासाठी तो कोणी आधी सोसला नाही. ती जागा कुठली असती ते मला तुझ्याकडून दाखवून घ्यायचं आहे.

आजवर सगळ्या कार्डांवर मी नुसतं सिंधू लिहीत आले. त्याच्या आधी जे लिहायला हवं होतं ते लिहायचा मला हक्क वाटत नव्हता. आज वाटतो असंही नाही. पण तू तो माझ्यासाठी नऊ वर्षं सांभाळून ठेवलास, म्हणून घेते.

मार्तंडची आई,
सिंधू